पाचव्या बाटलीतला विषाणू

नको काका, टॉवेल-टोपी पिशवीतच ठेवा — नारळही — अहो, वॉर्डाच्या दारात कसला सत्कार करताय! तुमच्या बसूनं सकाळी अर्धी इडली खाल्ली, सिस्टरनी सांगितलं मला, चांगलंय. ताप उतरला तो तापाच्या साध्या औषधानं, माझ्या नव्या औषधानं नव्हे. मी आलोय दुसऱ्याच कामाला — नातवाच्या शीचा नमुना परत पाहिजे होता. हो, तुम्हीच दिलात की मागच्या आठवड्यात, डबी रुमालात गुंडाळून, प्रसाद द्यावा तशी. परत कशाला? खात्री करायला. एवढंच. — एवढंच नाही.

तुम्ही एमआयडीसीत चाळीस वर्षं चादरी विणल्या — जकार्ड मागाच्या नक्षीच्या पुठ्ठ्यावर एक भोक चुकलं तर मोराची मान कुठं जाते? तसं आहे हे. बसूच्या पोटातल्या ह्या विषाणूची सगळी कुंडली जेमतेम साडेसात हजार अक्षरांची. आपलं नवं औषध त्याच्या कवचातल्या एका खाचेत जाऊन बसतं, मग त्याला कवच उघडताच येत नाही. पण एक अक्षर बदललं की खाच बुजते, औषध बाहेरच्या बाहेर. आणि हा तर नक्कल काढताना सारखा चुकतो — एका पोटात शंभर भावंडं, दिसायला एक, वागायला वेगळी. मी त्यांना माझ्या लॅबमध्ये पेशींवर वाढवलं, एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत — पाच वेळा. पाचव्या बाटलीत औषध टाकलं, आणि मेला की, काका, सगळा मेला! मी नाचलो. मी शिकलो तिकडचे माझे सर म्हणाले होते, सोलापुरात जाऊन काय करणार, फ्रीज तरी चालतो का तिथं — त्यांना आधी फोन लावला. मग तुम्हाला. हो, आधी त्यांना. पुण्याला न्यायची गरज नाही असं मीच म्हणालो ना? अँब्युलन्स दारात उभी होती, तुम्ही परत धाडलीत. ‘नबीलालचा शाकीर सांगतोय म्हणजे बास’ — अब्बा तुमच्याच मालाचा टेम्पो चालवायचे, म्हणून.

पण बाटलीत जो लवकर वाढतो, तोच उरतो. बसूच्या अंगात जो मातलाय, तो बाटलीत रेंगाळत होता, आणि मला घाई लई. डबीत उरलेल्या नमुन्यातली अक्षरं मी थेट मशीनवर वाचली, न वाढवता — तिथं ते एक अक्षर वेगळंय. औषध लागू पडणार नाही. नव्या नमुन्यानं पोराला काही मिळणार नाही, तो माझ्या समाधानासाठी मागत होतो — सोडा तो. आज त्याला पुण्याला न्या. डावा हात उचलत नाही, उद्या श्वासावर आलं तर — तिथं लहान मुलांचे व्हेंटिलेटर आहेत. इथल्या डॉक्टरांना सांगून आलोय, गाडी चारला येईल, खाट धरून ठेवलीय — सोमवारी दोन होत्या, आता एकच —

हो. सोमवारी.

सोमवारीच वाचलं मी. आज बुधवार. काल परत वाचलं, वाटलं मशीनचं चुकलं असेल — चुकावं असं वाटत होतं, काका. पुण्याला फोनही केला, खाट आहे का विचारलं, नाव न सांगता ठेवला. दोन दिवस. असं बघू नका. शिव्या द्या, कन्नडमधून द्या, मला समजतात!

मी येतो ना गाडीत, तिथल्या लोकांना सगळं नीट — बरं. नाही येत. कागद तेवढे — सिस्टरकडं देऊ? देतो. व्हय, व्हय, दारातनं सरकतो. तुम्ही आत जा.