थांब, अजून थोडी साठू देत

...नाही, पण मी म्हणतो, माणसाने जाताना पुतण्यांसाठी काही ठेवावं, मान्य, पण काय ठेवावं? थोरल्याला घड्याळ, मधल्याला सायकल, आणि मला कुपनं! तुम्हाला सांगतो, काकांच्या कपाटाचं दार उघडलं आणि वह्यांचे गठ्ठे अंगावरच आले. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाची कुपनं हो, सामान घेतलं की बिलाबरोबर द्यायचे ती, वहीत चिकटवायची, वह्या भरल्या की भिंतीवरच्या तक्त्यात बघून बक्षीस न्यायचं... एका वहीला किटली, पाचांना टेबलफॅन.

आता आमच्या काकूचा सगळा जीव त्या पंख्यावर. स्वयंपाकघराला खिडकी म्हणजे हातभर भोक, दुपारी आत गेलेलं माणूस शिजूनच बाहेर यायचं. पाचवी वही भरली त्या दिवशी काकू चपला घालून दारात तयार, आणि काका चष्म्यावरून बघत काय म्हणाले? "थांब, अजून थोडी साठू देत. दहा वह्यांना शिलाई मशीन आहे." दहा भरल्या. आता तरी? "थांब, अजून थोडी साठू देत. वीस वह्यांना फ्रिज आहे." विसावी भरत आली आणि दुकानच बंद पडलं! शटरला कुलूप बघून घरी आले आणि म्हणाले, "उघडेल की परत. तोवर साठू देत." अहो, साठणार कुठून? दुकान नको?

बरं, माणूस वाईट नव्हता हो. रात्री काकूला झोप लागेपर्यंत वर्तमानपत्राने वारा घालत बसायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता तेही नाही. म्हणून म्हटलं, काकू, मी आणतो पंखा, माझ्या पैशाने. तर नाही! "ह्यांच्या कुपनांचाच हवा. त्यांनी कबूल केलाय मला. तू विक ती, आणि येताना पंखा घेऊन ये."

गेलो. जुन्या वस्तूंचा व्यापारी, डोळ्याला भिंग, बोलणं सगळं नाकातून. एकेक वही उलटतोय, हुंकार देतोय, आणि मी आपला रद्दीचा भाव मनात धरून बसलेला. तर म्हणतो कसा, "ह्यातलं एकही वापरलेलं नाही?" मी म्हटलं, नाही हो, तेच तर रडगाणं आहे. म्हणाला, "लोकांनी कुपनं देऊन किटल्या नेल्या, म्हणून कुणाकडे वह्या उरल्या नाहीत. तुमच्या काकांना दूरदृष्टी होती." दूरदृष्टी! काकू उकडून निघाली आणि ह्याला म्हणायचं दूरदृष्टी! पण आकडा सांगितला ना त्याने... पंखा येऊन वर बरंच काही उरेल असा. मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हा गृहस्थ भिंग पुसत सहज म्हणाला, "पुढच्या वर्षी दुप्पटही होईल म्हणा, सांगता येत नाही."

तुम्हाला सांगतो, तोंड माझंच होतं, जीभही माझीच. पण बाहेर काय आलं? "मग थांबू की... अजून थोडा वाढू दे भाव."

वह्या उचलल्या आणि घरी. काकू दारातच. तिने माझ्याकडे बघितलं, फुगलेल्या पिशवीकडे बघितलं. पिशवीतून एक वही काढली, खुर्चीत बसली आणि लागली स्वतःला वारा घालायला. म्हणाली, "चला, ह्यांच्या कुपनांचा वारा लागला एकदाचा."

मग काय करता? मीही एक वही घेतली आणि बसलो तिला वारा घालत. रोजच बसतो आता. फक्त जरा हळू घालतो... कोपरा दुमडला तर भाव पडेल हो.