सोजरबाईचं लायसन आणि वळणावरचा म्हसोबा

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच सवाल घेऊन उभा आहे. भ्यायचं कुणाला? देवाला — का देवाच्या रस्त्यावरनं चालणाऱ्या माणसाच्या जिवाला? हे उमगलं नाही, म्हणून एक बाई लायसनच्या परीक्षेत नापास झाली! हसताय? हसा, हसा. जरा वेळानं घाम पुसाल!

बाईचं नाव सोजरबाई. गावाचं नाव सांगत नाही — तिच्या माहेरचे पाहुणे पुढंच बसलेत! वय पन्नाशीला आलेलं, उभ्या जन्मात सायकलला पाय लावला नाही. नवरा भानुदास, सोन्यासारखा माणूस, पण किडन्या गेल्या हो! आठवड्यातनं दोनदा तालुक्याला डायलिसिस. पुतण्या दारातल्या जुन्या चारचाकीतनं नेत होता, तर त्याला परगावी नोकरी लागली. एकदा एसटीनं नेलं, आणि परतताना माणूस स्टँडवरच भोवळ येऊन पडला! मग काय करणार? बाईनं पदर खोचला आणि ड्रायव्हिंगचा क्लास लावला.

पण भीती! अगं आई गं! समोरनं उसाचा ट्रॅक्टर आला की बाई डोळेच मिटायची! मास्तर ओरडायचा, "मावशी, डोळे उघडा! तुम्ही मिटले म्हणून ट्रॅक्टर जात नसतो!" तरी शिकली. नवऱ्याचा जीव टांगणीला लागल्यावर बाई काय शिकत नाही?

आला परीक्षेचा दिवस. शेजारी साहेब बसले, त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक. गाडी निघाली तालुक्याच्या रस्त्यानं. आणि त्या रस्त्याला, मंडळी, वळणावर म्हसोबा! शेंदूर फासलेला, डोळे वटारलेला! हात जोडल्याशिवाय तिथनं कुणी पुढं जात नाही. का? तर म्हणे एकानं नाही जोडले, आणि दिवस मावळायच्या आत त्याचा बैल मेला! खरं-खोटं म्हसोबाला ठाऊक.

वळण आलं. बाईच्या मनात आलं, "हात जोडले नाहीत आणि ह्यांना काही झालं तर?" — आणि सोडले की हो दोन्ही हात! जोडले! डोळेही मिटले! गाडी निघाली कडेला — साहेबांनी करकचून ब्रेक दाबला!

बाईनं डोळे उघडले. बंपरपुढं एक म्हातारा, हातात नारळ, लटलट कापतोय. म्हसोबालाच निघाला होता बिचारा! अहो मृदंगवाले, आता का हसत नाही?

साहेब एवढंच म्हणाले, "बाई, उतरा. आठवड्यानं परत या."

घरी आली ती भिंतीला टेकून रडायलाच लागली. "अहो, माझ्या हातनं माणूस गेला असता! मला नको ते लायसन!"

भानुदास रागावला नाही. हळूच म्हणाला, "मग मला कोण नेणार गं?"

आठवड्यानं परत गेली. वळण आलं. स्टेअरिंग असं धरलं की बोटं पांढरी पडली. डोळ्यांतनं धार, ओठांवर "देवा, रागावू नको, देवा, रागावू नको!" — पण हात सोडले नाहीत. पास झाली! लायसन हातात पडलं. आनंद झाला? छे! म्हसोबा आता सोडत नाही, एवढंच डोक्यात.

आणि झालं तसंच! एका सकाळी भानुदासचे पाय सुजले, धाप लागली. परीक्षांच्या गडबडीत डायलिसिसची एक फेरी चुकली होती, पाणी साठलं होतं अंगात. पण बाईला कोण सांगणार? ती म्हणते, "म्हसोबानं धरलं! माझ्यामुळं धरलं!"

नवऱ्याला कसंबसं गाडीत घातलं आणि निघाली. शेजारी त्याची घरघर, पुढं रस्ता, आणि आलं वळण! बाईचे हात सुटायला लागले. जोडू? का धरू? एक हात उचललाच होता—

"सोजर!" धापा टाकत भानुदास ओरडला. "हात खाली! तू रस्ता बघ. म्हसोबाला मी बघतो!"

आणि सुयांनी टोचून टोचून सुजलेले ते दोन हात त्यानं कपाळापर्यंत नेले. दोघांच्या वाटणीचा नमस्कार त्या एकट्यानं केला. बाई रडत होती, पण गाडी सरळ चालली. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत."

रागावला का म्हसोबा? अहो, लेकरू पाठीशी बांधून भाकरी थापणाऱ्या बाईला कुठला देव म्हणेल, तवा सोड आणि आधी माझ्या पाया पड?

आता मला सांगा. कुणाकुणाच्या खिशात गाडीची चावी आहे? हात वर करा! लाजू नका... बघा, निम्मा मांडव! येताना देवळापुढं हँडल सोडून किती जणांनी हात जोडले, ते विचारत नाही. तुमचं तुम्हाला माहीत आहे. फक्त एक करा. मान वळवा आणि आता घरी जाताना तुमच्या मागं कोण बसणार आहे, त्याच्या तोंडाकडं एकदा नीट बघा.

बघितलं? मग ज्यांना गाडी चालवायचीय, त्यांनी नमस्कार इथंच करून घ्या. बोला, विठ्ठल विठ्ठल!