रांग मोडणाऱ्याची बाजू

पनवेल स्टेशनबाहेर सुकापूरच्या शेअर रिक्षेच्या रांगेत सुनंदाबाई पहिल्या. मागे लॉ कॉलेजच्या चारुता मॅडम आपल्या विद्यार्थ्याकडून, शार्दूलकडून, वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेत होत्या, आणि सुनंदाबाईंचे कान तिकडेच. तेवढ्यात मासळीची गळकी पिशवी घेऊन एक काका थेट पुढे घुसले.

"अहो काका, रांग आहे!" सुनंदाबाई कडाडल्या.

"ताई, म्हावरा हाय. बर्फ वितळतंय."

"शार्दूल, मांड काकांची बाजू," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पण चूक त्यांची आहे!"

"उद्या स्पर्धेत चिठ्ठी उचलल्यावर हीच बाजू आली तर? चिडायचं नाही. सावकाश बोल."

"रांग कशाला? सगळ्यांची सोय व्हावी म्हणून. काका मागे गेले, तर ही पिशवी प्रत्येकाच्या पायावर गळत जाणार. त्यांना आधी पाठवण्यात आपलंच भलं आहे."

सुनंदाबाईंनी पटकन साडी सावरली. "पटलं हो! जा काका."

"पोरा, वकील झालास का मी तुजाच अशील!"

रिक्षा आली. काका बसले, सुनंदाबाई बसल्या, मॅडम बसल्या.

"मॅडम, आणि मी?"

"तिघंच बसतात रे. पुढची येईपर्यंत रांगेची बाजू तयार कर."