आंधळगावची म्हैस

अरे, आंधळगावले म्हैस पाहाले गेलतो, ते ऐका. आमच्या घरी दूध बायकोच काढते, म्हणून मालकाले आधीच विचारलं, "लाथ तं मारत नाही न?"

तो म्हणे, "काका, एकदम गरीब हाये. लेकरूही दूध काढून घेईन."

सौदा पटला. मी दावं सोडाले वाकलो, तं ओसरीवरून त्याची म्हातारी माय ओरडली, "अरे, तुह्या बायकोचा हात मोडला तिनं, ते सांगतलंस का?"

"माय, चूप न! गिऱ्हाईक वापस जाईन."

"जाऊ दे. म्हैस जाईन, अन् मंग शिव्या आपल्या दारात येतीन."

माहा जीव भांड्यात पडला. म्हातारीच्या पाया पडून रिकामाच घरी आलो.

बायको म्हणे, "म्हैस कुठी हाये?"

म्हटलं, "तुहा हात वाचला, आता त्यानं चहा मांड."