टंचाईतले मुलगे

मुरारी, ती बरणी उचलू नका. पाणी गढूळ असलं तरी ती आजच्या पाहुण्यांपैकीच आहे. हारांच्या पलीकडे ठेवा. हं, तिथेच.

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती प्रियदर्शिनी मॅडम, पोलादपूरची शेवटची एसटी चुकवण्याच्या तयारीने आलेले माजी विद्यार्थी आणि मित्रहो,

मी मराठी शिकवतो. प्राणिशास्त्राच्या मॅडमना निरोप देण्याचं काम माझ्याकडे का आलं? बहुधा त्यांच्या प्रयोगशाळेची आणि माझ्या वर्गाची भिंत एक आहे म्हणून.

मॅडम मघापासून दाराकडे बघताहेत. भाषण कंटाळवाणं आहे म्हणून नव्हे. ते सुरू व्हायच्या आधीपासूनच त्यांची नजर तिकडे आहे. दासगावची तुळसा दुपारपासून सरकारी दवाखान्यात आहे. बाळंतपण अवघड आहे, अंगात रक्त कमी आहे. माझी पत्नी आसिया तिथे नर्स आहे. ती तिच्याजवळ आहे. तिचा निरोप आला की मॅडम उठतील. अध्यक्षांनी त्यांना उठू द्यावं.

तुळसा मॅडमची कोणी लागत नाही. मग? ते सांगायला ही बरणी लागते.

यात उड्या मारणारे ठिपके दिसतात, त्या पाणपिसवा. खाणं भरपूर असलं, दाटी नसली, की पाणपिसू नराशिवाय वाढते आणि तिला मुलीच होतात. पाणी आटू लागलं, खाणं कमी पडलं, दिवस लहान झाले, की त्याच आईला मुलगे होऊ लागतात. आईच्या आणि मुलाच्या जनुकांत फरक नसतो. फरक पाण्यात असतो. मात्र काही वंश असे, की त्यांचे कितीही हाल करा, नर होतच नाही. म्हणजे पाण्याची हाक ऐकणंसुद्धा रक्तातच असावं लागतं. मॅडमनी हे मला भिंतीपलीकडून अनेकदा ऐकवलं आहे.

जानेवारीत दासगावच्या महिला मेळाव्यात त्यांनी हीच बरणी नेली. मुलगा की मुलगी याचा बोल बाईला लावू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आपल्या महाडमध्ये पाण्याबद्दल बोलताना माणूस सावध असतो. त्या दिवशी मॅडम रंगात आल्या आणि वंशाचा भाग सांगायचा राहिला. माणसात तसं नसतं, हेही राहिलं.

पहिल्या ओळीत जानकीबाई होत्या. त्यांच्या सुनेला, तुळसाला, दोन मुली. तिसऱ्या खेपेला पाचवा महिना. जानकीबाई घरी गेल्या आणि सुनेची भाकरी अर्धी केली. दूध बंद.

पुढे तुळसा बोअरिंगवर चक्कर येऊन पडली. आसियाने तिला तपासलं, विचारलं आणि मॅडमना येऊन म्हणाली, "मॅडम, तुमचं भाषण दासगावात लागू पडलंय."

मॅडम दासगावला गेल्या. मी सोबत होतो. जानकीबाईंनी आम्हाला ओटीवर बसवलं.

"अर्ध्या पोटी का ठेवलंत तिला?"

"तुमीच बोल्लात ना? भरल्या पानी पोरी, टंचाईत पोरगे."

"ते पाणपिसवेचं, जानकीबाई."

"जीव तो जीव नाय?"

मॅडम म्हणाल्या, "माणसाचं मूल पोटात येतं त्याच दिवशी मुलगा की मुलगी ते ठरतं. बापाकडून काय आलं त्यावर. आता उपाशी ठेवलंत तर मुलगा होणार नाही. मूल अशक्त होईल."

"म्हंजी माज्या म्हादूचा दोष?"

"दोष कुणाचाच नाही."

"मंग आमाला ती पिसू दावलीत कशाला?"

मित्रहो, मॅडम म्हणाल्या, "माझं चुकलं." आपल्या पेशात हे वाक्य किती जणांनी उच्चारलं आहे?

जानकीबाईंना ते पटलं नाही. पण जेवायची वेळ होती, आणि आलेलं माणूस उपाशी परत गेलं तर घराला लागतं, हे त्या मानतात. त्यांनी पानं घेतली. मॅडम म्हणाल्या, "तुळसा पंगतीला बसेल तर जेवीन." पान मांडलेलं. जानकीबाई उंबऱ्यात उभ्या. शेवटी म्हणाल्या, "बस गो."

त्यानंतर मॅडम रोज कॉलेज सुटलं की दासगावची गाडी धरत. रोज पाहुण्या. जानकीबाई एकदा मला म्हणाल्या, "सर, या बायला घरदार हाय का नाय?" पण पान दोघींचं वाढत राहिल्या. मधले अर्ध्या पोटाचे जे दिवस गेले ते मात्र भरून आले नाहीत. म्हणून आज दाराकडे नजर.

मॅडमची विद्वत्ता, शिस्त, संस्थेची सेवा यांवर इतर वक्ते बोलतील. मला एवढंच माहीत आहे, की आपलं बोलणं कुणाच्या ताटापर्यंत पोचतं ते बघायला त्या गेल्या.

आसियाने माणूस पाठवलेला दिसतो. मॅडम, निघा. शाल नंतर.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. मराठीच्या माणसाने प्राणिशास्त्र सांगितलं. काही उणंअधिक झालं असेल तर ते माझं समजून पदरात घ्या.

•

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाला मुलगी झाली. वजन कमी होतं, म्हणून डॉक्टरांनी दोघींना ठेवून घेतलं. जानकीबाई थोडा वेळ खाटेपाशी उभ्या राहिल्या. मग बाहेर जाऊन महादूला म्हणाल्या, "पोरगी हाय. जा, दूध घेऊन ये. तुळसाला."