लंडन किती लांब?

नृसिंहभट : दहा दिवस सूतक म्हणजे दहा दिवस, माधवराव. तुमचा सख्खा भाऊ गेलाय, शेजारचं मांजर नाही.

माधवराव : पण मार्तंड मेला कुठे? लंडनला! इथे परवा प्रेमलाचं लग्न. पाचशे लाडू वळून झालेत, राहुरीचे व्याही उद्या निघतील. देशांतरी मेलेल्याचं सूतक आंघोळीने फिटतं, हे तुम्हीच सांगता ना?

नृसिंहभट : सांगतो. पण लंडन आता देशांतर राहिलंय का? या महिन्यापासून विमान सुरू झालंय, पेपरात वाचलं. दीड दिवसात मुंबई! जिथली बातमी दहा दिवसांत येत नाही, ते देशांतर. तुमची तार तर आज सकाळीच आली.

माधवराव : तार गेली खड्ड्यात. मध्ये समुद्र आहे! शास्त्राला आडवी नदीसुद्धा पुरते.

नृसिंहभट : मग प्रवरेपलीकडे दिलेली तुमची बहीण, तीही देशांतरी?

माधवराव : तिचं तिची वेळ आली की बघू. मी शाळेत भूगोल शिकवतो, भटजी. आत्ता नकाशावर दोरा लावून मोजलं. पाच हजार मैल!

नृसिंहभट : माझ्या नातवाला तुम्ही साडेचार हजार शिकवलेत.

माधवराव : विमान कैरोला उतरतं. वळसा पडतो.

सुनीती : अहो, मेलेल्या भावाला अजून किती लांब नेऊन ठेवाल? भटजी, चहा?

नृसिंहभट : निकाल लागेपर्यंत नको, वहिनी.

सुनीती : वीस वर्षांपूर्वी भावोजी बोटीवर चढले, तेव्हा तुम्हीच ह्यांना त्यांच्या नावाने आंघोळ करायला लावलीत. तीच चालवून घ्या की.

नृसिंहभट : आगाऊ केलेली चालत नाही हो. पण समुद्र आहे खरा, भाषाही वेगळी... बरं, धरू देशांतर. माधवराव, प्रवरेत एक बुडी मारा आणि मोकळे व्हा.

माधवराव : सुटलो! अगं, पंचा आण.

सुनीती : हा घ्या पंचा. आणि हे पत्र. भावोजींचं. आठ दिवस झाले येऊन.

माधवराव : आणि मला आज दाखवतेस?

सुनीती : तुम्ही न वाचता चुलीत घातलं असतंत. म्हटलं, दारात उभे राहिले की तुमच्याने हाकलवणार नाही. ऐका. ‘वहिनी, प्रेमलाच्या लग्नाला येतोय. विमानाचं तिकीट काढलंय. दादा पंगतीत बसू देणार नसेल तर पडवीत जेवेन. मुंबईला दीड दिवसात पोचतो. पुढे नेवाशाला किती दिवस लागतील, ते दादाला विचारून कळवा. भूगोल त्याचा.’

(माधवराव खांद्यावरचा पंचा काढून पुन्हा खुंटीला अडकवतो.)

माधवराव : भटजी, पुढचा मुहूर्त कधी?

नृसिंहभट : आजपासून तेराव्या दिवशी आहे एक. पण आत्ताच तर ठरलं ना? समुद्र, पाच हजार मैल...

सुनीती : आणि लाडू?

माधवराव : टिकतील. राहुरीला मी स्वतः जाऊन सांगतो.

नृसिंहभट : मग लंडनचं काय धरू?

माधवराव : जवळ धरा, भटजी. दीड दिवसावर होता तो.