जरा सैल वायसर

लातूरला तय्यबभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात उज्वला गळका कुकर मांडीवर घेऊन बसली होती. लेकाची क्लासला जायची वेळ होत आली होती, अन् तिच्या आधी नंबर लागला होता शेषेरावांचा. त्यांची जुनी छर्र्याची बंदूक तय्यबभाईंच्या हातात होती.

"हे बघा मामा, सांध्यावर कागदाचा कपटा ठेवून चाप ओढला, तर कपटाच उडाला. सगळी हवा इथून निघून राहिली. कुकरचं रबर गेलं की डाळ शिजत नाही, तसंच हे. छर्र्याला जोर कुठून यायचा?"

"हाव. निस्ता आवाज होतो. पिकावरचे राघू उडतेत, मरत न्हाईत."

"पण दरसाली मी चामड्याचं नवं वायसर बसवतो. जातं कुठं?"

"आमची केवळाबाई काढती. सुईनं."

"मामी? कशापायी?"

"भूकंपात थोरली लेक गेली. तवापासून तिला मेलेलं पाखरूबी बघवत न्हाई."

उज्वलानं कुकर खाली ठेवला.

"मग राहू द्या की तसंच. बसवायचंच कशाला?"

"न बसवता नेली तर तिला कळंल, मला ठाऊक हाय म्हणून. इतकी वर्सं लपवून करती, लाजंल बिचारी."

"बरं," तय्यबभाई म्हणाले. "मग यंदा रबराचं घालू? लई घट्ट बसतं, दहा साल हलत नाही."

"नगं. चामड्याचंच घाला, अन् जरा सैल बसवा. तिला आताशा बारीक दिसत न्हाई. मागल्या बारीला सुई बोटात गेली तिच्या."